यंत्राचा सूर आणि आमचा कान

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या माणसाने संगीतावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. काहींना ते रुचणारही नाही. संगीताच्या जायज-नाजायजपणाबद्दल आलिमांमध्ये मतभेद आहेत हे आम्हांला ठाऊक आहे, आणि त्या वादात उतरण्याइतका आमचा अभ्यास नाही. आम्ही इतिहास शिकवतो. हा लेखही इतिहासाचाच आहे. तो लिहावासा वाटला तो मात्र आमच्या हातून वर्गात झालेल्या एका चुकीमुळे.

दोन वर्षांपूर्वी नववीच्या तासाला शेवटच्या बाकाखालून काहीतरी वाजू लागले. एका मुलाच्या हातात मोबाईल होता. शाळेत मोबाईल आणायचा नाही हा नियम, म्हणून आम्ही तो काढून घेतला आणि काय वाजते आहे ते ऐकले. कव्वालीच्या टाळ्या होत्या, मंगरूळपीरच्या उरुसात दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यापाशी ऐकू येतात तशा. त्या टाळ्यांखाली एक जाड, घरंगळणारा सूर चालला होता आणि वर बेंजोसारखे, पण बेंजो नसलेले काहीतरी. आम्ही विचारले, "ये किसका गाना है?" तो म्हणाला, "सर, मेरा बनाया हुआ है. मोबाईल पे बनाया." टाळ्या त्याने उरुसात स्वतः टिपल्या होत्या. बाकी सगळे एका फुकट मिळणाऱ्या ॲपमध्ये, रात्री घरचे झोपल्यावर जुळवले होते.

आम्ही सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "ये कोई मौसीकी है? मशीन की नकल है." मुले हसली. तो मान खाली घालून बसला. दुसऱ्या दिवशी आम्ही मोबाईल परत दिला, आणि तिसऱ्या दिवशी तो आपणहून येऊन म्हणाला, "सर, मिटा दिया."

शाबासकीच्या अपेक्षेने सांगितल्यासारखे त्याने ते सांगितले. आम्ही ती दिलीही. घरी आल्यावर मात्र आमचेच वाक्य आम्हांला टोचू लागले. मशीनची नक्कल! हे वाक्य आमचे नव्हतेच. ते आमच्याआधी कितीतरी जणांनी, कितीतरी यंत्रांना उद्देशून म्हटलेले आहे. त्याचा माग काढता काढता जे हाती लागले ते इथे मांडतो.

पहिले उदाहरण थेट मशिदीतले आहे. आज अजानीचा भोंगा हा वेगळ्याच राजकारणाचा विषय झाला आहे; ते बाजूला ठेवू. भोंगा जेव्हा नवा होता, तेव्हा त्याच्यावरची चर्चा आपल्याच घरात झाली होती. प्रश्न असा होता की, लाऊडस्पीकरमधून बाहेर पडतो तो इमामाचा स्वतःचा आवाज, की त्या आवाजाची नक्कल? नक्कल असेल, तर तिच्यामागे रुकू-सजदा करणाऱ्याची नमाज होते का? कारण मुक्तदीने इमामाच्या मागे जायचे असते, यंत्राच्या नव्हे. देवबंदचे मुफ्ती मुहम्मद शफी, जे पुढे १९४८ साली कराचीला गेले, त्यांनी नव्या यंत्रांच्या शरई हुकमांवर पुस्तकच लिहिले. त्यात या प्रश्नाचा ऊहापोह आहे. सुरुवातीला उलेमांचा कल नमाजेत लाऊडस्पीकर न वापरण्याकडे होता. पुढे मुफ्तीसाहेबांनी विज्ञानाच्या जाणकारांकडे विचारणा केली, यंत्रात आवाजाचे नेमके काय होते ते समजून घेतले, आणि आपले मत बदलले. आम्हांला या हकिकतीत फतव्यापेक्षा त्यांची रीत मोठी वाटते. यंत्र नाकारण्यापूर्वी ते कसे चालते हे त्यांनी विचारले. आम्ही वर्गात ते विचारले नव्हते.

दुसरे उदाहरण मिरजेचे. किराना घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे आणि तिथल्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही गाणे होते. हे सगळ्यांना माहीत असते. कमी लोकांना माहीत असते ते हे, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाँसाहेब एका शास्त्रीय प्रयोगातले भागीदार होते. कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर बावीस श्रुतींचे मोजमाप करू पाहत होते. खाँसाहेब सूर लावत, देवल तो तारेच्या लांबीवर मोजत. १९१० साली देवलांचे पुस्तक निघाले. सनदी अधिकारी असलेले क्लेमंट्स नावाचे इंग्रज गृहस्थ त्यांच्या साथीला होते. त्यांचे पुस्तक १९१३ चे. या मंडळींनी बावीस श्रुतींची हार्मोनियमही तयार करवून घेतली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर बराच वाद झाला आणि तिला मान्यता मिळाली नाही. पेटी मागे पडली. पण एक पारंपरिक गवई, ज्याची तालीम सारी तोंडी, तो आपला गळा मोजपट्टीखाली द्यायला तयार झाला, ही गोष्ट साधी नाही. प्रयोगाची श्रेयनामावली लिहिताना मोजणाऱ्याचे नाव आधी येते आणि ज्याला मोजले त्याचे नंतर. आमच्या मते इथे दोन्ही नावे एका ओळीत हवीत.

हार्मोनियमवरचा राग पुढे सरकारी झाला. १९४० साली आकाशवाणीने तिला केंद्राबाहेर काढले, ते थेट १९७१ पर्यंत. आक्षेप काय? तिच्या पट्ट्या ठराविक सुरांवर बांधलेल्या असतात. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाणे, ज्याला मींड म्हणतात, ते तिच्यावर होत नाही. आक्षेप तांत्रिकदृष्ट्या खरा होता. पण त्या एकतीस वर्षांत खेड्यापाड्यांतली भजने आणि कव्वाल्या हार्मोनियमवाचून एक दिवसही राहिल्या नाहीत.

आता बेंजो. हा शब्द घेतला की आमच्या भागातल्या माणसाला अमेरिकन वाद्य आठवत नाही. आठवते ती लांबट लाकडी पेटी, वर टाईपरायटरसारख्या कळा, खाली तारा. पुस्तकात तिला बुलबुल तरंग म्हणतात. ही मूळची जपानची. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली टायपरायटरच्या कळांची कल्पना तारांच्या वाद्याला जोडून ती बनवली. ती इकडे आली आणि कव्वालीत अशी मुरली की पुष्कळ लोक तिला आपल्या बापजाद्यांचे वाद्य समजतात. आमचे एक मामू कव्वालीच्या पार्टीत बेंजो वाजवत. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधला तुकडा काढून त्यांनी तो बेंजोच्या पोटाला चिकटवला होता आणि तार थेट भोंग्याच्या मशीनला जोडली होती. मूळ वाद्य किणकिणते. मामूंचे करवतीसारखे कापत जायचे. रात्री दोन वाजता पेंगणारी मैफल त्या आवाजाने ताठ बसायची. घरात मात्र मामूंचा बेंजो पेटीत कुलूपबंद असे. नातेवाइकांपुढे त्याचे नाव निघत नसे आणि मुलीच्या सोयरिकीच्या वेळी "ते शिलाईचे काम करतात" एवढेच सांगितले गेले. ते शिलाईचे कामही करत, हे खरे. मामूंनी जे केले त्याला आज शहरात इलेक्ट्रॉनिक प्रयोग म्हणतात. त्यांना तो शब्द माहीत नव्हता. ते म्हणायचे, "आवाज थोडा लंबा करना था."

इथून पुढचा रस्ता मुंबईला जातो, कारण विजेच्या वाद्यांचा आपल्याकडचा खरा इतिहास सिनेमाच्या रेकॉर्डिंगच्या खोल्यांत घडला. १९५४ चा 'नागिन' घ्या. संगीत हेमंतकुमार यांचे. त्यातली पुंगी देशभर गाजली. ती पुंगी नव्हती. फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ साली बनवलेले क्लॅव्हिओलिन नावाचे विजेचे वाद्य कल्याणजी वाजवत होते, आणि रवी यांची हार्मोनियम त्याला जोडीला होती. गारुड्याची नक्कल फ्रेंच यंत्राने केली, आणि मग खरे गारुडी त्या यंत्राची नक्कल करू लागले. आमच्या लहानपणी वाशीमच्या आठवडी बाजारात येणारा गारुडी हीच धून वाजवायचा. आता यात अस्सल कोण?

मींडीचा विषय निघालाच आहे तर सज्जाद हुसेन यांना वगळून पुढे जाववत नाही. यंत्राशी त्यांचा संबंध नाही, पण मुद्द्याशी आहे. मेंडोलिनला पडदे असतात, त्यावर मींड निघणार नाही असे सगळे मानत. सज्जादसाहेबांनी ती काढली. तापट माणूस, कोणाचे ऐकणार नाही, त्यामुळे कामे थोडी मिळाली. 'रुस्तम सोहराब' १९६३ चा. १९९५ साली ते मुंबईतच वारले. वाद्यात एखादी गोष्ट नाही असे जेव्हा जेव्हा सांगितले जाते, तेव्हा आम्हांला ते आठवतात.

आणि आता ज्यांच्यासाठी मुख्यतः हा लेख लिहिला ते चरणजित सिंग. नाव पुष्कळांनी ऐकले नसेल. हाताचे काम मात्र प्रत्येकाने ऐकले आहे. मुंबईच्या सिनेवाद्यवृंदात ते गिटार आणि बेस वाजवत. 'हरे रामा हरे कृष्णा' या १९७१ च्या चित्रपटातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात ट्रान्सिकॉर्ड नावाचे विजेचे अकॉर्डियन त्यांनी वाजवले. लग्नसमारंभात त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद असे आणि चित्रपटगीतांच्या नुसत्या वाद्यावरच्या तबकड्याही ते काढत. म्हणजे दुसऱ्याच्या चालीवर, दिवसाच्या मजुरीने काम करणारा माणूस. अशा माणसाला संगीतकार म्हणण्याची आपल्याकडे पद्धत नाही. आम्ही मामूंना ओळखत असल्यामुळे ही जागा कोणती असते ते आम्हांला कळते.

चरणजित सिंगांनी सिंगापूरहून जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे आणली. ज्युपिटर-८ हा मोठा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेका धरणारे यंत्र आणि टीबी-३०३ ही चंदेरी, हातात मावेल एवढी पेटी. ही शेवटची १९८१ च्या अखेरीस बाजारात आली होती. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी एवढाच तिचा उद्देश होता. तिच्यात सोळा घरे असतात. प्रत्येक घरात एक सूर भरायचा, की पेटी तेच सोळा सूर पुन्हा पुन्हा वाजवत राहते. आणि प्रत्येक घराला एक सोय आहे: हवे तर हा सूर पुढच्या सुरात घसरत जावा. वाचकांच्या लक्षात आले असेल. आकाशवाणीने जी नाही म्हणून हार्मोनियमला बाहेर काढले, ती मींड, ओबडधोबड का असेना, या पेटीत एका बटणावर बसवलेली होती. जपानी कारागिरांना मींड ठाऊक असेल-नसेल, पण चरणजित सिंगांना रागदारी ठाऊक होती.

१९८२ साल. सिनेमात डिस्कोचा पूर आलेला. 'कुर्बानी' १९८० चा, 'डिस्को डान्सर' त्याच वर्षीचा. चरणजित सिंगांनी पुढे मुलाखतीत सांगितले की, डिस्को सगळीकडे चाललाच आहे तर त्याचा ठेका घेऊन काही वेगळे करावे, असे त्यांना वाटले. तबला काढून टाकला. तानपुऱ्याच्या जागी यंत्राचा आधार, ठेक्याला ८०८, रागाचे स्वर घेऊन खाली फिरत राहणारी ३०३ आणि वर ज्युपिटरवर हाताने राग. तिन्ही यंत्रे एका लयीत बांधलेली. यमन, तोडी, ललित, मालकंस, कलावती, बैरागी, मेघमल्हार असे दहा राग. तबकडीचे नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. ग्रामोफोन कंपनीने ती बाजारात आणली आणि ती चालली नाही. रागदारीच्या रसिकांना ती थट्टा वाटली असणार आणि नाचणाऱ्यांना त्यात गाणेच सापडले नसणार.

ही तबकडी आम्ही आता मोबाईलवर ऐकली आहे, बरीच वेळा. खरे सांगायचे तर पहिल्या वेळी आम्हांलाही करमले नाही. आलाप आहे, पण तो पटकन उरकतो. ठेका सुरू झाला की तो हलत नाही, वाढत नाही, सम येते ती घड्याळाच्या काट्यासारखी. दहाच्या दहा राग जवळपास एकाच चालीने चालतात आणि ललितसारख्या पहाटेच्या रागाला ही घाई मानवत नाही, असे आमचे मत अजूनही आहे. पण मालकंस निराळा निघाला. खाली तेच तेच सूर फिरत राहतात आणि काही वेळाने कान त्यांना मोजायचे सोडून देतो. तेव्हा वरचा राग जणू एकटा उरतो. कव्वालीत एकच मिसरा वीस वेळा आला की जे होते, त्याच्या शेजारचे काहीतरी. हाल म्हणणार नाही. तो शब्द मोठा आहे.

पुढची कथा अधिक चमत्कारिक आहे. ती चंदेरी पेटीही बाजारात पडली. १९८४ साली कंपनीने तिचे उत्पादन बंद केले. जुन्या मालाच्या दुकानांत ती कवडीमोलाने मिळू लागली, म्हणून अमेरिकेत शिकागोच्या गरीब काळ्या तरुणांच्या हाती लागली. फ्यूचर नावाच्या चमूने तिची बटणे वाजता वाजता पिळली, त्यातून चिरकणारा, वितळणारा आवाज काढला आणि १९८७ साली 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी निघाली. ॲसिड हाऊस नावाचा सगळा संगीतप्रकार तिथून सुरू झाला असे मानतात. मग २००२ साली एदो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीच्या एका दुकानात चरणजित सिंगांची तबकडी सापडली. ऐकून तो चकित झाला. शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत हा आवाज? २०१० साली त्याने ती पुन्हा प्रकाशित केली. सत्तरीच्या घरातल्या चरणजित सिंगांना युरोपातून आमंत्रणे आली, त्यांनी तिथे कार्यक्रम केले, आणि जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

तिकडच्या वर्तमानपत्रांनी त्यांना ॲसिड हाऊसचे जनक म्हटले. आपल्याकडच्यांनीही ते उचलले, कारण तिकडून शिक्का आला की आपल्याला बरे वाटते. आम्हांला हे पटत नाही. शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकलेली नव्हती. बापलेकाचे नाते लावायला काही पुरावा नाही. एकच पेटी दोन ठिकाणी, दोन वेगळ्या गरजांनी, दोघा दुर्लक्षित हातांत पडली आणि दोन्हीकडे तिने बनवणाऱ्याच्या कल्पनेबाहेरचे काम केले. एवढे खरे आहे आणि एवढे पुरेसे आहे. चरणजित सिंगांचा मोठेपणा शिकागोवर टेकवला की, त्यांनी रागाशी काय केले हा प्रश्न बाजूला पडतो. तो प्रश्न आपला होता. १९८२ मध्ये तो आपण विचारला नाही.

असेच एक विस्मरण अहमदाबादेत झाले. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी त्यावर तीन-चार वर्षे काम केले आणि मग ते थांबले. फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटनचे पॉल पुरगस यांना त्या सापडल्या आणि २०२३ साली त्यांतली निवड प्रसिद्ध झाली. तीही परक्या मुलखात. संस्था होती, पैसा होता, शिकलेली माणसे होती, तरी फितींची तीच गत झाली. मग टेलिफोनचा तुकडा चिकटवणाऱ्या बेंजोवाल्याचे कोण जपून ठेवणार? मामूंची एकही फीत आमच्याकडे नाही. बेंजो त्यांच्या मुलाने भंगारात दिला.

आता यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. कुर्ल्याच्या नावेद शेख, म्हणजे नेझी या तरुणाने २०१४ साली आपले 'आफत' हे गाणे वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर टिपले, चित्रणही त्यावरच केले. पुढे त्याच्या आणि त्याच्या साथीदारांच्या जगावर 'गली बॉय' हा सिनेमा २०१९ साली आला. स्टुडिओ नको, कंपनी नको, उस्तादही नको. शेवटची गोष्ट आम्हां शिक्षकांना खुपते हे कबूल करतो. पण उस्ताद नसलेल्या मुलाला आपण उस्ताद देत नाही, फक्त "बंद कर" म्हणतो, हेही कबूल करायला हवे.

तो मुलगा दहावी झाला. आता एका मंडपवाल्याकडे भोंगे आणि मशीन दुरुस्त करतो. गेल्या ईदला दुपारी तो शीरखुर्म्याला आमच्या घरी आला. आम्ही विचारले, ते जे बनवले होते ते पुन्हा बनवता येईल का? तो म्हणाला, "वैसा नहीं आता, सर. दो-तीन बार कोशिश की." मग खिशातून मोबाईल काढला. उरुसात टिपलेल्या टाळ्या तेवढ्या त्याच्या दोस्ताच्या मोबाईलमध्ये राहिल्या होत्या, त्या त्याने परत मागून घेतल्या होत्या. एक इअरफोन त्याने आमच्या कानात दिला, दुसरा स्वतः घातला. मिनिटभर नुसत्या टाळ्या. मध्येच कुणीतरी खोकले, कुणी तरी मुलाला हाक मारली, आणि टाळ्या किंचित घाईवर आल्या. "यहाँ से काटना है," तो म्हणाला, आणि बोटाने आम्हांला ती जागा दाखवली.